भोकं नसलेली बटणं

लंडन, सोमवार, ९ फेब्रुवारी १८९१

प्रिय केझाया,

पोचलो. पेटी सुखरूप आहे आणि बाबांचा दाढीचा मगही सुखरूप आहे. गाडीत एका बाईने विचारलं, हा मग छातीशी धरून कुठे निघालात? मी म्हटलं, नशीब काढायला. पुढच्या स्टेशनावर ती डबा बदलून गेली.

आता कामाचं. आपल्या खेळाच्या पेटंटचा अर्ज नोंदवल्याचा कागद वकिलाकडे डोळ्यांनी पाहिला. बारा जानेवारी ही आपली तारीख. वकील म्हणतो, सगळा जीव तारखेत आहे. टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांचं इथल्या दिवाणखान्यांना असं वेड लागलंय की दर आठवड्याला कोणीतरी नवीन काहीतरी काखोटीला मारून येतो. दोघांच्या डोक्यात एकच खेळ आला तर ज्याची तारीख आधीची, खेळ त्याचा.

मिस्टर वॉर्बींनी शुक्रवारी वीस तारखेला अकरा वाजता बोलावलंय. खेळणी बनवणाऱ्यांत त्यांचा शब्द मोठा. त्यांना पटलं तर खोकी ते छापणार आणि चकत्या आपल्याकडून घेणार. घरी आपण बहीणभाऊ चकत्या कातायच्या दोन लेथ मांडू, एक माझी, एक तुझी. मग कुठल्या मुकादमाला सलाम करायला नको.

माझ्याकडच्या चकत्यांवर ओरखडे उठलेत. चोवीस नव्या पाठव, आणि कड दाबून त्या उडवायला मोठ्या दोन. कडा नीट घासून.

तुझा,
ईनॉक

~

बर्मिंगहॅम, बुधवार, ११ फेब्रुवारी

प्रिय ईनॉक,

तो मग परत आण. बाबांची तेवढीच एक वस्तू आपण विकलेली नाही.

चकत्या पाठवल्यात. नळीच्या हाडाच्या आहेत, नखाएवढ्या जाड, कडा तीनदा घासल्यात. मुकादमाची नजर चुकवून जेवणाच्या सुट्टीत केल्या. त्यालाही आता फारशी फिकीर नाही. काल त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं की पंचवीस मार्चला कारखान्याला टाळं लागणार. लोकांना पत्र्याची बटणं हवीत, हाडाची कोणी फुकट घेत नाही. तू लेथवाला आहेस, तुला कोणी ना कोणी ठेवून घेईल. मी एकवीस वर्षं बटणांना भोकं पाडतेय. हे एवढंच येणाऱ्या बाईला कोण विचारतो? म्हणून सांगते, हा खेळ म्हणजे तुला गंमत असेल, माझं पोट आहे.

मला सारखा नोव्हेंबरातला तो रविवार आठवतो. चॅपलवाल्यांच्या घरात रविवारी पत्ते नाहीत, फासे नाहीत. मी भोकं पाडायला आणलेली कोरी बटणं निवडत बसले होते, तेही खरं तर पापच. एका बटणाने दुसऱ्याची कड दाबली आणि ते टुणकन उडून बाबांच्या मगात पडलं. तू सूप पीत होतास. चमचा तसाच धरून म्हणालास, परत कर. मी परत केलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला आपण दोघं उशिरा पोचलो आणि पाद्र्याने आपल्याकडे बघत आळसावर प्रवचन दिलं.

त्या कागदावर नावं कशी घातलीस? माझं पूर्ण नाव असू दे, नुसतं ‘के.’ नको.

केझाया

~

लंडन, शुक्रवार, १३ फेब्रुवारी

प्रिय केझाया,

हे काय पाठवलंस?

घरमालकीण मिसेस स्कीट भली बाई आहे. तिने टेबलावरचं भारीतलं कापड काढून घडी घालून ठेवलं आणि टेबल मला मोकळं करून दिलं. चकचकीत महॉगनी आहे, आरशासारखं. मी दिमाखात पहिली चकती दाबली. ती उडलीच नाही. सरपटत गेली आणि टेबलावरून खाली. दुसरी तशीच. चाळीस वेळा केलं, मगात एक नाही. मालकिणीचं मांजर तेवढं खूश आहे.

हाडं जास्त उकळलीस का? की घाईत घासल्यास? जुन्या ओरखडे उठलेल्या लावून पाहिल्या, त्याही तशाच, म्हणजे त्या प्रवासात वाकल्या असणार. सात दिवस उरलेत आणि मी टेबलाखाली रांगत बटणं गोळा करतोय. दुसऱ्या पाठव, आणि या वेळी लक्ष देऊन कर.

नावाबिवाचं नंतर बोलू. आत्ता डोकं चालत नाही.

ईनॉक

~

बर्मिंगहॅम, सोमवार, १६ फेब्रुवारी

ईनॉक,

मी बारा वर्षांची असल्यापासून हाडं हाताळतेय. उकळायची किती, हे तू मला शिकवू नकोस.

त्याच हाडांतल्या उरलेल्या चकत्या घेतल्या आणि स्वयंपाकघरात माझ्या जागी बसले. बाबांचा मग तुझ्याकडे, म्हणून साखरेची वाटी ठेवली. विसातल्या सतरा वाटीत. शेजारच्या मिसेस हॉबडेने जन्मात पहिल्यांदा हात लावला आणि बारातल्या सात घातल्या. तेव्हा दोष चकत्यांत नाही, हातात शोध. तरी नव्या चोवीस पाठवतेय.

आता दुसरं. तिचा नवरा दर शनिवारी ग्रंथालयात बसून पेटंटचं सरकारी पत्रक वाचतो, हे तुला माहीत आहे. त्याने कौतुकाने आपला अर्ज शोधला आणि कागदावर उतरवून आणला. ‘ईनॉक टँडी, बर्मिंगहॅम. टेबलावरचा खेळ.’ संपलं. मिसेस हॉबडे म्हणाली, “तुझं नाव पुढच्या पानावर असेल गं.” मी तिला चहा ओतला.

पुढचं पान आहे का, ईनॉक?

केझाया

~

लंडन, मंगळवार, १७ फेब्रुवारी

प्रिय केझाया,

नाही. पुढचं पान नाही.

आता ऐकून घे. वकील म्हणाला, एक नाव असलं की काम सोपं होतं. बाईचं नाव आलं की कारकून भुवया उंचावतात. आणि चकती किती जाड हवी हे मीच ठरवलं ना? कड गोल केली ती मीच ना? महिनाभर लेथपुढे मी उभा होतो. तू एकदा उडवलंस, मी त्याचा खेळ केला. शिवाय माझं ते तुझंच. मी काय ते घेऊन पळणार आहे?

अर्जावर एक ओळ असते, ‘या खेळाचा खरा आणि पहिला शोधक मीच आहे.’ तिच्याखाली सही करताना माझा हात थोडा थांबला होता, हे तुला सांगायला हवं असं वाटतं.

नव्या चकत्याही सरपटतात. महॉगनीवर पाहिलं, हात धुवायच्या मेजाच्या संगमरवरावर पाहिलं, जमिनीवर बसूनही पाहिलं. घरी होत होतं, इथे होत नाही. तीन दिवस उरलेत. तुला काही सुचत असलं तर हात जोडतो, कळव.

ईनॉक

~

(हे पत्र पाकिटात घालून तिकीट लावलं, पण टपालात टाकलं नाही.)

बर्मिंगहॅम, बुधवार, १८ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय ईनॉक,

सापडलं. मी एकटीच मूर्खासारखी हसतेय.

मिसेस हॉबडेच्या नातवाचं बारसं आहे. त्याच्या झग्याला इस्त्री करायला ती आपली इस्त्रीची घोंगडी मागून घेऊन गेली. मी नाश्त्याला बसले, टेबल उघडं, सवयीने एक चकती दाबली. ती सरपटत जाऊन थेट शेगडीत पडली. अगदी तू लिहितोस तशी.

आपल्याकडे मंगळवारी इस्त्री झाली की घोंगडी उचलायचा कंटाळा. आई तशीच ठेवायची, वर चादर टाकायची, आणि आपण तिच्यावरच जेवायचो. आपल्याला ते टेबलच वाटतं. चकती त्या मऊपणात जराशी रुतते आणि सुटताना वर उडते. उघड्या लाकडावर रुतायला जागाच नाही.

तेव्हा टेबलावर जाड कापड अंथर. बस, एवढंच.

तुझी बहीण,
केझाया

~

बर्मिंगहॅम, बुधवार, १८ फेब्रुवारी, दुपार

ईनॉक,

तुझं कालचं पत्र दुपारच्या टपालाने आलं.

चकत्या का उडत नाहीत ते मला कळलंय. ते इतकं साधं आहे की एका ओळीत मावेल. पण ती ओळ मी लिहिणार नाही. आधी त्या कागदावर माझं नाव घाल. तू म्हणतोस, मी एकदाच उडवलं. बरं. मग तूही एकदा उडवून दाखव.

केझाया टँडी

~

लंडन, शुक्रवार, २० फेब्रुवारी

केझाया,

तुझ्या मनासारखं झालं. ऐक कसं झालं ते.

मिस्टर वॉर्बींचं टेबल आपल्या स्वयंपाकघराएवढं आहे आणि त्यावर धुळीचा कण नाही. मी सहा चकत्या मांडल्या. पहिल्या पाच सरपटत खाली गेल्या. त्यांचा हिशेबनीस वाकून एकेक उचलून मला आणून देत होता, फार अदबीने, आणि तेच सहन होत नव्हतं. सहावी दौतीवर आपटून त्यांच्या मांडीवर पडली.

ते चिडले नाहीत. ती चकती बोटांत फिरवत त्यांनी विचारलं, “हा खेळ कुठे तरी चालतो का?”

“घरी चालतो, साहेब.”

“मग घर घेऊन या,” ते म्हणाले. “चार मार्चला या. त्याच्यापुढे मला वेळ नाही.”

उठताना त्यांनी सहज विचारलं, खेळ सुचला कोणाला? मी म्हणालो, मला. जिना उतरेपर्यंत कान तापले होते.

तुला माहीत होतं. मी तिथे हसं करून घेणार हे माहीत असून तू गप्प बसलीस. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, माझ्या ताटात तुझी भाकर वाढलीस, हे मी कधी विसरलो नाही. पण आज मला तुझा राग येतोय. खरंच येतोय.

ईनॉक

~

लंडन, गुरुवार, २६ फेब्रुवारी

प्रिय केझाया,

सहा दिवस तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. या सहा दिवसांत ती अर्जावरची ओळ मला पाठ झाली.

सोमवारी वकिलाकडे जाऊन खरं ते सांगितलं. त्याने चष्मा काढला. म्हणाला, म्हणजे तुमची सही खोटी होती, बहीण कोर्टात उभी राहिली तर हा अर्ज एक दिवस टिकणार नाही. मी म्हटलं, ती कोर्टात जाणारी नाही. मग राहू द्या की, तो म्हणाला. कोणाला कळणार आहे? जुना मागे घेतलात तर बारा जानेवारी हातातून जाईल, नवी तारीख पडेल, आणि मधल्या दिवसांत कोण काय दाखल करतोय ते देव जाणे.

मी दोन दिवस विचार केला. काल जाऊन जुना अर्ज मागे घेतला आणि नवा दिला. ‘केझाया टँडी आणि ईनॉक टँडी.’ तुझं आधी लिहिलं. कारकुनाने भुवया उंचावल्या नाहीत, त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

चार तारखेला सहा दिवस आहेत. आता सांग.

तुझा,
ईनॉक

~

बर्मिंगहॅम, शुक्रवार, २७ फेब्रुवारी

प्रिय ईनॉक,

इस्त्रीची घोंगडी. आपण आयुष्यभर तिच्यावर जेवलो, तिच्यावरच खेळलो, आणि ती आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. टेबलावर जाड कापड हवं. घोंगडीच पार्सलने पाठवतेय. कोपऱ्यात इस्त्रीचा डाग आहे तो मिस्टर वॉर्बींच्या बाजूला येऊ देऊ नकोस. तुझ्या नव्या अर्जातही कापडाचं घाल, नऊ महिन्यांत खुलासा जोडता येतो असं हॉबडे म्हणतो.

तू मागे घेशील असं मला वाटलं नव्हतं. जुनी तारीख सोडून दे असं मी म्हटलं नव्हतं रे. मला वाटलं, पेन घेऊन नाव वाढवता येतं. तारखेचं काही बरंवाईट झालं तर मी काय करू? तुझं पत्र आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. चार तारखेला काय होतं ते लगेच कळव, एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

केझाया

~

लंडन, गुरुवार, ५ मार्च

प्रिय केझाया,

खेळ चालला. ते आधी सांगतो.

घोंगडी अंथरली तेव्हा हिशेबनीस नाकाला रुमाल लावणार होता. पहिली चकती मगात पडली, टण् असा आवाज झाला, आणि तो रुमाल विसरला. दहातल्या नऊ. मग मिस्टर वॉर्बींनी कोट काढला, स्वतः बसले, आणि सहाव्या खेपेला त्यांची पडली तेव्हा ते शाळेतल्या पोरासारखे हसले. “आता कळलं,” म्हणाले. “हा घरीच चालणारा खेळ आहे.” त्यांनी परत विचारलं, कोणाला सुचला? मी सांगितलं, माझ्या बहिणीला. रविवारी. ते म्हणाले, छान.

मग त्यांनी खण उघडला आणि एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. आत चकत्या, एक छोटा कप, आणि घडी घातलेला लोकरी कापडाचा तुकडा. कोणी माणूस मंगळवारी आणून दाखवून गेला होता. त्याचा अर्ज तेवीस फेब्रुवारीचा. आपला पंचवीसचा.

मी म्हणालो, आमचा आधी एक होता, बारा जानेवारीचा. ते म्हणाले, होता, मिस्टर टँडी. आणि कोट घातला.

त्या माणसाने चोरलं नाही. त्याला कुठेतरी, स्वतःच्या टेबलाशी, तेच सुचलं. मी त्याच्यावर चिडायचा पुष्कळ प्रयत्न केला. इतक्यात घरी येत नाही. काय तोंड घेऊन येऊ कळत नाही.

ईनॉक

~

बर्मिंगहॅम, सोमवार, ६ एप्रिल

प्रिय ईनॉक,

महिना झाला. तू लिहिलं नाहीस, मलाही धीर झाला नाही. आता लिहायलाच हवं.

कारखाना बंद झाला नाही. वीस मार्चला मुकादम नाचत आला. चकत्यांची मोठी मागणी आलीय, लंडनहून, महिन्याला हजारोंनी. लेथवाल्यांना ठेवून घेतलंय. तुझी जागा ठेवलीय, मी त्याच्याशी बोललेय. पण या चकत्यांना भोकं नसतात. भोकं पाडणाऱ्या आम्हा अकरा जणींना त्याच दिवशी निरोप दिला. मुकादम बिचारा माझ्याकडे बघत नव्हता. बाहेर पडताना मी एक कोरी चकती उचलली आणि नखाने तिची कड तपासली. नीट घासलेली नाही. एवढं तरी त्यांनी शिकून घ्यावं.

सध्या मिसेस हॉबडेबरोबर कपडे धुवायला जाते. काम वाईट नाही, हात फुटतात एवढंच.

शनिवारी बाजारात त्या खेळाची खोकी दुकानाच्या काचेत रचलेली दिसली. आत जाऊन एक हातात घेतलं. झाकणाच्या आतल्या बाजूला नियम छापलेत. पहिलाच नियम दोनदा वाचला. ‘टेबलावर जाड कापड अंथरावे.’ ते कोणीही वाचू शकतं, ईनॉक. दुकानात उभं राहून, पैसा न देता. तेवढं एक वाक्य मी तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

सोबत एक पत्र आहे. अठरा फेब्रुवारीचं, सकाळचं. तारीख बघ. ते त्याच सकाळी टाकलं असतं तर तुला एकोणिसाला मिळालं असतं, वीस तारखेला तू मिस्टर वॉर्बींना हसवलं असतंस, आणि बारा जानेवारी आपल्या हातात असती. दुपारी तुझं पत्र आलं, ‘तू एकदा उडवलंस,’ आणि मी पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. तेव्हापासून ते तिथेच होतं. रोज पीठ काढताना हाताला लागायचं. तू एक नाव लपवलंस, मी एक ओळ. कोणाचं मोठं ते मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवायचंही नाही.

तू तुझं पाप सहीवर काट मारून फेडलंस. माझं कसं फेडायचं ते मला माहीत नाही, म्हणून निदान पत्र पाठवतेय. वाचून राग आला तर इथे येऊन माझ्यासमोर चिड.

घोंगडी घेऊन ये, टेबल उघडं बरं दिसत नाही. बाबांचा मग घेऊन ये. आणि तो नवा कागद फेकला नसलास तर तोही आण. त्याची किंमत शून्य झाली असेल, असू दे. आपल्या दोघांची नावं एका ओळीत लिहिलेली मी अजून पाहिलेली नाहीत.

तुझी बहीण,
केझाया